एवढी रेती, लिलाव नाही!

चंद्रपुरात समुद्राची आठवण रामनवमीच्या सुमाराला होते. त्याआधी समुद्राचं नाव कोणी काढत नाही. पारा ४२ ला टेकतो, माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, त्याला नवी खस लागते, महाकालीच्या यात्रेला आलेले मराठवाड्यातले भाविक झरपटच्या काठी सावली धुंडाळू लागतात, आणि घरातलं एखादं माणूस, बहुधा ज्याचं घरात फारसं चालत नाही असं, ताटावर बसल्या बसल्या म्हणतं, "यंदा समुद्रावर जाऊ जी."

एरवी या माणसाच्या कुठल्याही सूचनेवर घरातून हरकती येतात. उन्हाळ्यात येत नाहीत. हरकत घ्यायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की झळ आत जाते. मौनाला संमती धरून त्याच रात्री गच्चीवर बैठक बसते.

मेमध्ये इथं ४६-४७ अंश ही बातमी नसते. बातमी असते ब्रह्मपुरी पुढं गेल्याची. ब्रह्मपुरीनं दशांशानं जरी आघाडी घेतली तरी चंद्रपूरकराला आपला मुलगा बोर्डात दुसरा आल्यासारखं वाटतं. नवतपात तो पेपर उघडून आधी तापमानाचा तक्ता बघतो आणि मग निधनवार्ता. त्यात शेजारी २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र रात्रंदिवस कोळसा जाळत असतं. त्याची वीज पार मुंबईच्या एसीपर्यंत पोचते आणि राख आमच्या वाळवणापर्यंत. अशा गावात समुद्रावर जाण्याचा खर्च चैनीत धरत नाहीत, औषधपाण्यात धरतात.

गंमत अशी की नेमके हेच दिवस धरून मुंबई-पुण्याची माणसं भरपूर पैसे मोजून आमच्याकडे येतात. ताडोबातले पाणवठे आटत आलेले असतात, उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ हमखास येतो, आणि तो बघायला ही मंडळी तोंडाला फडकी गुंडाळून मोहर्लीच्या नाहीतर कोलाऱ्याच्या गेटवर पहाटेपासून जिप्सीत बसतात. ते पाण्यावर आलेला वाघ पाहायला येतात आणि आम्ही त्यांनी मागं सोडलेलं पाणी पाहायला जातो. नागपूरच्या विमानतळावर हे दोन्ही घोळके एकमेकांना ओलांडतात आणि दोघांच्याही नजरेत एकच भाव असतो: यांना घरी काही त्रास आहे का?

बैठकीत पहिला प्रश्न निघतो, समुद्र कोणता. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं, पण तो महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर चंद्रपूरहून मुंबईचा समुद्र सुमारे ६८० किलोमीटर येतो आणि आंध्रातल्या काकीनाड्याचा सुमारे ४५०. आमचं पाणीही तिकडंच जातं. इरई वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत उतरते आणि गोदावरी ते सगळं बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. म्हणजे चंद्रपूरच्या मोरीतलं पाणीसुद्धा बंगालच्या उपसागराला जाऊन आलेलं आहे, फक्त माणसं जायची राहिली आहेत. तरीही "समुद्र" म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं येते ती जुहू चौपाटी. राज्य मराठी म्हणून समुद्रही मराठीच हवा, हा हट्ट मराठी माणसाचाच.

बैठकीत एखादा भूगर्भशास्त्र शिकलेला भाचा असेल तर तो आणखी एक माहिती पुरवतो. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुसकडच्या सिमेंट कारखान्यांना जो चुनखडक लागतो, तो पैनगंगा गटाचा, म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला. शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी इथं समुद्र होता. यावर बैठक थोडा वेळ गप्प होते. मग कोणीतरी विचारतं, "मग त्याचं काय झालं?" भाचा म्हणतो, "पोत्यात भरून विकून राहिलो ना आपण, मामाजी." घरचा समुद्र घराच्या स्लॅबमध्ये गेला असल्यामुळं बाहेरचा शोधणं भाग पडतं.

दुसरा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पण तो सगळ्यात वजनदार असतो. समुद्रावर जाऊन करायचं काय? नुसतं रेतीत पडून राहायचं, ही कल्पना आमच्या पट्ट्यात अजून रुजलेली नाही. पडून राहायचं तर घरी बाज आहे, कूलर आहे, आणि त्याला तिकीट नाही. म्हणून मराठी माणूस समुद्राकडं जाताना निमित्त घेऊन जातो. आठवून पाहा. गणपतीपुळ्याला समुद्र आहे, पण आपण गणपतीला जातो. हरिहरेश्वरला समुद्र आहे, पण आपण देवाला जातो. पुरी, द्वारका, सोमनाथ, रामेश्वर, सगळीकडं पाण्याआधी देव. कन्याकुमारीला तर तीन समुद्र, तरी आपण विवेकानंदांच्या शिळेवर जातो आणि समुद्र वाटेत लागला म्हणून पाहून घेतो. आमच्या घरातल्या मोठ्या आईनं भारताचा जवळजवळ सगळा किनारा पाहिला आहे आणि एकदाही ती "समुद्रावर" गेलेली नाही.

या कसोटीवर गोवा पहिल्या फेरीत बाद होतो. गोव्याला मंगेशी आहे, शांतादुर्गा आहे, हे पुरुषमंडळी फार पोटतिडकीनं सांगतात आणि तिथंच घात होतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागली आणि २०२१ साली उठली. मधल्या काळात आमच्याकडच्या पुरुषांना समुद्राची जी ओढ लागली होती, तशी दर्यावर्दी कोळ्यांनाही लागली नसेल. बायका ते विसरलेल्या नाहीत. गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदी आहे, त्यामुळं तिकडच्या भाऊजींनी "गोवा" शब्द उच्चारला की ताई फक्त बघते. पुढं बोलायची वेळ येत नाही.

मग मालदीव आणि बाली ही दोन नावं नव्या सुना घेतात. हप्त्यांवर बेट मिळतं हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर फोटो काढले आणि मालदीवशी वाजलं, तेव्हा जटपुरा गेटपासून बंगाली कॅम्पपर्यंत संतापाची लाट उसळली होती. ज्यांनी मालदीवचं तिकीट कधी काढलंच नव्हतं, त्यांनीही ते रद्द केलं. "आता लक्षद्वीपच!" असं ठरलं. लक्षद्वीपला जायला आधी परवाना काढावा लागतो हे कळल्यावर देशभक्ती थोडी निवली. परवाना, अर्ज, सोबत कागदपत्रं हे शब्द ऐकले की आमच्या माणसाला पटवारी आठवतो. सुट्टीतही तेच कुठं करायचं?

शेवटी अंदमान निवडून येतं आणि एकमतानं येतं, कारण तिथं सेल्युलर जेल आहे. मोठ्या आईला तीर्थ मिळालं, मामाजींना इतिहास मिळाला, मुलांना स्कूबा मिळालं. सुनांना फोटो मिळाले, पण ते त्या आता बोलत नाहीत. स्वातंत्र्यवीरांची कोठडी बघायला निघालेल्या माणसाला वाटेत पांढरा किनारा लागला तर त्याचा काय दोष?

अंदमान निवडून येण्यामागं आणखी एक शक्ती काम करते. तिचं नाव एलटीसी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूळ गावी जाण्याच्या सवलतीच्या बदल्यात अंदमानला विमानानं जाता येतं, आणि या खास सवलतीला वर्षानुवर्षं मुदतवाढ मिळत आलेली आहे. त्यामुळं भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, पोस्टात, रेल्वेत काम करणाऱ्या चाळीशीतल्या माणसाला विचारा, त्यानं अंदमान पाहिलेलं असतं. ज्याचं मूळ गाव भंडाऱ्याकडं, त्यानं गावी जायचं सोडून अंदमान गाठलेलं असतं आणि गावच्या भाऊबंदांना वाटतं की तिकडं याची काही जमीन निघाली. इकडं राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या वाट्याला "महाराष्ट्र दर्शन". एकाच गल्लीत, एकाच मापाच्या प्लॉटवर राहणारे दोन साडू, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. एकाच्या भिंतीवर निळ्या पाण्यातला फोटो, दुसऱ्याच्या भिंतीवर गणपतीपुळ्याचं कॅलेंडर. केंद्र-राज्य संबंधांवर एवढं स्पष्ट भाष्य मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

ठिकाण ठरलं की तारीख. चंद्रपूरकराची तारीख मुलांच्या परीक्षांवर ठरते. गडचिरोलीकराची ठरतच नाही. आरमोरीच्या भाऊजींना फोन लावून पाहा.

"भाऊजी, जूनमध्ये निघायचं का?"

"पेरणी हाय ना जी."

"जुलै-ऑगस्ट?"

"रोवणा. आणि तेव्हा तिकडं तुफानी पाऊस राह्यते म्हणते."

"दिवाळीनंतर?"

"धान कापू का अंदमान पाहू? आणि मंडई हाय, पाहुणे येते."

"मग जानेवारी!"

इथं भाऊजी थोडं थांबतात, कारण खरं कारण आता सांगावं लागणार असतं. "जानेवारीत नाटकं राह्यते ना." झाडीपट्टीचा हंगाम. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर निघतात आणि गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, पहाटे घरी. गावात पाहुणे येतात, मुलींची लग्नं याच मुक्कामात जुळतात. हे सोडून जो माणूस समुद्र बघायला जाईल त्याला गाव पुढच्या वर्षी खुर्ची देणार नाही. मार्च लागला की मोहफूल, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता आणि लग्नं. बारा महिने मोजून झाले. भाऊजी म्हणतात, "तुम्ही या जाऊन, आम्हाले फोटो पाठवा." तरीही भाऊजी येतात. शेवटच्या आठवड्यात येतात, सोबत तांदळाची चुंगडी घेऊन येतात, कारण "तिकडचा तांदूळ कसा राहीन काय मालूम."

प्रवास कसा करायचा यावर मतं फार नाहीत. राजुऱ्याजवळ मूर्तीला होणारं विमानतळ बरीच वर्षं कागदावरून उडतं आहे, तेव्हा आधी नागपूर, मग चेन्नई किंवा कोलकाता, मग पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. बल्लारशाहहून जी.टी. एक्स्प्रेसनं थेट चेन्नईला उतरून पुढं विमान धरणारेही आहेत. जहाजाचा पर्याय मामाजींनी मांडला होता. चेन्नईहून जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात, आणि बोट लागते, उलट्या होतात, असं कोणीतरी म्हणालं. यावर सिरोंचाचे पाहुणे हसले. त्यांचं जिल्ह्याचं ठिकाणच घरापासून दोनशे किलोमीटरवर आहे आणि वाटेत आलापल्ली ते सिरोंचा रस्ता आहे. ज्यानं तो रस्ता पावसाळ्यात बसनं काढला, त्याला बंगालचा उपसागर लागत नाही.

बॅग भरण्याचं वर्णन करत नाही. सगळ्या महाराष्ट्राची बॅग सारखीच असते. आमच्या बॅगेत तेवढा आलुपोंगा जास्त असतो.

तिकडं उतरल्यावर पहिला झटका घड्याळ देतं. अंदमान आमच्या पूर्वेला जवळजवळ साडेतेरा रेखांश पुढं आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळं सूर्य पाऊण-एक तास आधी कामाला लागतो आणि आधीच सुटी घेतो. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्यास्त. चंद्रपूरचा माणूस दुपारी जेवून पाय पसरतो, उठतो, चहा मागवतो आणि कप तोंडाला लावेपर्यंत बाहेर रात्र. मामाजींनी पहिल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारलं, "लाइन गेली का?" हवा तिशीच्या आसपास. त्यावर तिथला ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, आज फार गरम होतंय. आमच्या घोळक्यानं त्याच्याकडं ज्या मायेनं पाहिलं, त्या मायेनं फक्त आजारी माणसाकडं पाहतात.

आणि मग किनारा. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, तिथला राधानगर. २००४ साली टाइम मासिकानं आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून त्याचं नाव घेतलं होतं. झाडी संपते आणि एकदम पांढरी, मऊ, लांबच लांब रेती सुरू होते. शहरातले पर्यटक इथं "वॉव" म्हणतात. आमचे लोक गप्प झाले. घुग्घुसच्या साडूनं खाली वाकून मूठभर उचलली. त्याच्या गावात कोळशाच्या धुळीमुळं पांढरी वस्तू दुपारपर्यंत पांढरी राहत नाही, त्यामुळं त्याला थोडा संशयही आला असावा. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"हा घाट कोणाचा हाय?"

ज्यांना हा प्रश्न कळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं रेती ही बघायची वस्तू नाही. वैनगंगेचे, वर्धेचे रेतीघाट लिलावात जातात. ज्यांचा लिलाव होत नाही ते रात्री आपोआप रिकामे होतात. तहसीलदार, ट्रॅक्टर, टिप्पर, पकडापकडी, घरकुलाला रेती मिळेना म्हणून मोर्चा, एवढा सगळा संसार या रेतीवर उभा आहे. त्या माणसापुढं दोन किलोमीटर रेती पडली आहे, तिच्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या नाहीत, राखायला चौकीदार नाही आणि पोरं तिचे किल्ले करून मोडताहेत. तो थोडा वेळ बसून राहिला. त्याचं डोकं ब्रासमध्ये हिशेब करत होतं हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं. सूर्यास्ताकडं त्याची पाठ होती.

पाण्यात उतरण्याचा विधी सगळीकडं सारखाच. पुरुष पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात, मग भिजतच आहे म्हणून पुढं जातात, मग खिशातला मोबाइल आठवतो. बायका साड्या-पंजाबी ड्रेससकट एकमेकींचे हात धरून रांगेनं उभ्या राहतात आणि लाट आली की सगळ्यांच्या वतीनं एकच ओरडते. मोठ्या आईनं आधी हात जोडले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि मग जाहीर केलं की पाणी खारट आहे. समुद्राच्या आंघोळीनंतर पुन्हा आंघोळ करावी लागते हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "मंग ही काऊन केली?"

काठावर मगरीपासून सावध राहण्याची पाटी होती. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्यांनी माणसं मारल्याच्या घटनाही घडल्या आहेत, त्यामुळं पाटीचं हसं करण्यात अर्थ नाही. आमच्या पाहुण्यांनी ती पाटी फार शांतपणे वाचली. शेतावर जाताना वाघ, दुर्गापुरात घराच्या मागं बिबट, तेंदूच्या हंगामात अस्वल. सुट्टीत तरी नवीन जनावर मिळालं. "किती वाजता येते?" एवढंच एकानं विचारलं.

माझ्या मते खरी गंमत इथून पुढं सुरू होते. पोर्ट ब्लेअरसमोर रॉस बेट आहे, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ब्रिटिशांची जुनी राजधानी, पडक्या इमारती, त्यांच्यावर चढलेली वडाची मुळं. आणि त्या पडझडीतून फिरणारी चितळं. ब्रिटिशांनीच ती अंदमानात आणून सोडली. तिथं त्यांना खाणारं कोणी नाही, त्यामुळं ती वाढली आणि सुस्तावली. आमची मंडळी गाडी, विमान, बोट एवढं सगळं करून तिथं पोचली आणि सगळ्यांनी मोबाइल काढून चितळाचे फोटो घेतले. ज्या चितळाकडं ताडोबाच्या रस्त्यावर आम्ही मान वळवून बघत नाही, त्याच्यासोबत सेल्फी! मामाजी वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी जवळच्या चितळाचं निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "वाघ नसला का जनावराले चालच राहत नाही."

पुढं चॅथमची सॉ-मिल. १८८३ सालची, आशियातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या मिलांपैकी एक. प्रवासी कंपन्या तिथं अर्धा तास देतात. मामाजींना तो पुरला नाही. अंदमानी पडौकच्या लाल फळीवरून त्यांनी हात फिरवला, टोकाला नख लावून पाहिलं, रेषा तपासली आणि गाइडला विचारलं की आलापल्लीचं सागवान पाहिलंय का. गाइडनं नाही म्हटल्यावर त्याला सांगण्यात आलं की अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली सागवान बल्लारशाहच्या डेपोतून गेलं. गाइड बिचारा ऐकत राहिला. इतिहास सांगायचे पैसे त्याला मिळत होते आणि इतिहास मामाजी सांगत होते.

तोवर माझ्या लक्षात येऊ लागलं होतं. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल, अंदमानात जंगल त्याहून जास्त. तिथं चितळ, इथं चितळ. तिथं लाकूड, इथं लाकूड. हॅवलॉकवर जेवायला बसलो तर वाढणारी बाई बंगाली, भात आणि माशाचा रस्सा. गावांची नावं गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या बेटांवर जमिनी देऊन वसवलं. आमच्या मुलचेरा-चामोर्शीकडंही तशाच निर्वासितांना साठच्या दशकात वसवलं, आणि चंद्रपूर शहरात तर बंगाली कॅम्प हा चौकच आहे. सोबत आलेल्या मुलचेऱ्याच्या मास्तरांनी त्या बाईशी मोडक्यातोडक्या बंगालीत बोलणं सुरू केलं आणि त्यांच्या ताटात माशाचा तुकडा जास्तीचा पडला. म्हणजे आम्ही घरून निघालो होतो ते मुलचेऱ्याला जेवायला.

एक प्रसंग मात्र मला बोचला. बारतांगच्या वाटेवर जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं. गाड्या ताफ्यानं जातात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, हे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. आमच्यातल्या एकानं ड्रायव्हरला विचारलं, "ते लोक दिसतील ना?" विचारणारा गडचिरोलीचा. पुण्यात शिकायला होता तेव्हा त्याला दर आठवड्याला कोणीतरी विचारायचं, तुमच्याकडं आदिवासी नाचतात ना, नक्षलवादी दिसतात का, तू घरी कसा जातोस? तेव्हा तो चिडायचा. आता तोच काचेला नाक लावून बसला होता. शेजारी बसलेल्या भाऊजींनी त्याला फक्त एवढंच म्हटलं, "माडियाले पाहाले पुण्यातून बस आली तर तू काय करशीन?" त्यानं नाक काचेवरून काढलं. पुढचा रस्ता सगळे झाडं बघत गेलो. झाडं आमच्याकडंही होती.

सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ते बांधत होते. सात पाखांपैकी आता तीन उरली आहेत. सावरकर १९११ ते १९२१ इथं होते. त्या कोठडीपाशी आमचा सगळा घोळका पहिल्यांदाच, कोणी न सांगता, गप्प उभा राहिला. मोठ्या आईनं चप्पल काढली. तिथं विनोद करावासा वाटत नाही आणि मी करणारही नाही.

विनोद बाहेर, फाटकापाशी झाला. आमच्यात एक तरुण ग्रामसेवक होते, मूळ सांगली जिल्ह्यातले, नोकरी एटापल्ली तालुक्यात. गडचिरोलीला बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयात बदलीच्या मोसमात ऐकू येतं. रद्द करून घेण्यासाठी मंत्रालयाचे जिने झिजवतात, आजारपणाचे दाखले निघतात. या गृहस्थांनाही घरच्यांनी तसंच निरोप देऊन पाठवलं होतं. ते फाटकाबाहेर येऊन नारळपाणी पीत म्हणाले, "घरी फोन केला आत्ता. म्हटलं, काळ्या पाण्यावर आलोय. आई म्हणाली, परत कशाला गेलास, सुट्टी संपली का?"

परतल्यावर "कसं वाटलं अंदमान?" असं गल्ली विचारते. साडू रेतीचं सांगतो, मामाजी लाकडाचं, भाऊजी तांदळाचं. समुद्राबद्दल विचारलं तर सगळे म्हणतात, "होता ना. चारी बाजूनं होता." माझं मत विचाराल तर अंदमान म्हणजे सभोवार समुद्र लावलेला गडचिरोली जिल्हाच आहे. बघण्यासारखा नक्कीच आहे, आणि आमच्याकडचा हा जिल्हाही त्याच कारणांनी बघण्यासारखा आहे, फक्त त्याच्यासाठी कोणाला खास एलटीसी मिळत नाही.

तेव्हा ज्यांना विमानाचं भाडं झेपत नाही किंवा रजा मंजूर होत नाही, त्यांनी ऑगस्टात भामरागडला यावं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथं भेटतात. जोराचा पाऊस झाला की पर्लकोटा पुलावर चढते, बाजारपेठेत पाणी शिरतं, आणि तालुक्यातल्या शंभराहून अधिक गावांचा संपर्क तुटतो. घनदाट जंगल, चारी बाजूंनी पाणी, मोबाइलला रेंज नाही, ऑफिसचा फोन नाही. मोठ्या शहरांतले लोक ज्यासाठी लाखभर रुपये मोजतात ते सगळं तिथं दरवर्षी फुकट मिळतं. गर्भार बाईला पाण्यातून खाटेवर नेणाऱ्या तिथल्या लोकांना त्याची तेवढी हौस नाही, ही गोष्ट वेगळी. नव्या उंच पुलाचं काम हाती घेतलेलं आहे, तेव्हा बेट पाहायचं तर तो पुरा होण्याआधी या. येताना तांदूळ आणू नका, आमच्याकडं आहे. आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवू नका, ते नदी ठरवते.